सहा खुर्च्यांचा वर्ग

आयर्लंडमधल्या साध्या प्राथमिक शाळेत स्वमग्न मुलांसाठी जो खास वर्ग चालतो, त्यात मुलं असतात सहा. शिकवायला एक शिक्षिका आणि हाताशी दोन मदतनीस. सातवं मूल त्या वर्गात बसत नाही. त्याची गरज पहिल्या सहांपेक्षा अधिक असली तरी बसत नाही. हा आकडा सरकारने ठरवून दिलेला आहे आणि आत बसलेल्या मुलांच्या दृष्टीने तो चांगलाच आहे. ज्या मुलाला शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज कानात सुई टोचल्यासारखा लागतो, त्याला भरगच्च वर्गाच्या गलक्यात बसवून अक्षरं कशी गिरवून घेणार? पण या सहाच्या आकड्यात एक हिशेब दडलेला आहे, आणि तो प्रवेशाच्या अर्जावर कुठेही छापलेला नसतो.

तिथली प्राथमिक शाळा आठ वर्षांची. चार-पाच वर्षांचं मूल 'ज्युनियर इन्फंट्स'मध्ये शिरतं आणि बारा-तेराव्या वर्षी सहावी संपवून बाहेर पडतं. खास वर्गात एकदा बसलेलं मूल बहुधा प्राथमिक शाळा संपेपर्यंत तिथंच राहतं. म्हणजे जागा सहा आणि वर्षं आठ. सरासरी काढली तर वर्षाला पुरती एक जागाही रिकामी होत नाही. नवा वर्ग उघडतो त्या सप्टेंबरात सहा घरांत दिवाळी होते आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दाराशी येणाऱ्याला हात हलवत परत जावं लागतं. काही शाळांत लहानांचा एक आणि मोठ्यांचा एक असे दोन वर्ग असतात. हिशेब थोडा सैल होतो, इतकंच.

उभी हयात बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे असेल, मला कुठल्याही योजनेचं माहितीपत्रक वाचलं की आधी हेच दिसतं: किती मिळणार यापेक्षा किती वेळा मिळणार. माझी मुलगी डब्लिनच्या पश्चिमेला राहते. टपाल खात्याच्या भाषेत 'डब्लिन १५'. या भागात भारतीय कुटुंबं पुष्कळ, त्यात आपली मराठी माणसंही आली. गणपतीत आरतीला माणसं जमतात, पोहे-साबुदाणा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा नातू, स्वमग्न आहे. तिसऱ्या वर्षी त्याला स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची उतरंड पाठ होती, पण हाक मारली तर तो वळून बघत नसे.

त्याच्या शाळाप्रवेशाचे कागद मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून वाचले. कागदांत पहिला लागतो तो तज्ज्ञांचा अहवाल. मुलाला ऑटिझम आहे एवढं लिहून भागत नाही. त्याला खास वर्गाची गरज आहे, अशी स्पष्ट शिफारस त्यात लागते. हा अहवाल सरकारकडून मिळण्याची सोय २००५ च्या अपंगत्व कायद्यात आहे आणि अर्जापासून सहा महिन्यांत तपासणी पुरी व्हावी, असं तोच कायदा म्हणतो. प्रत्यक्षात २०२५ मध्ये मुदत उलटून गेलेले अर्ज पंधरा हजारांच्या वर गेले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दोन स्वमग्न भावांची चौदा वर्षांची बहीण या थकबाकीचा जाब विचारायला तिथल्या संसदेबाहेर पन्नास तास मुक्काम ठोकून बसली. ज्यांना परवडतं ते खासगी तज्ज्ञाकडे जातात. आमच्या घरातून चौदाशे युरो गेले. ज्यांना परवडत नाही त्यांचं मूल वर्गाच्या नव्हे, अहवालाच्याच रांगेत मोठं होतं. प्रवेशाची पहिली चाळणी लागते ती शाळेच्या दाराबाहेर आणि पैशाच्या जाळीची, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कारण शाळेचं धोरण कितीही निःपक्षपाती असलं, तरी या चाळणीतून खाली पडलेलं मूल त्या धोरणापर्यंत पोचतच नाही.

अहवाल हातात आला की शाळांचं प्रवेश धोरण वाचायचं. २०१८ च्या प्रवेश कायद्याने प्रत्येक शाळेला ते जाहीर करायला लावलं आणि मला तो कायदा आवडला. खास वर्गात किती जागा आहेत, अर्ज कधीपासून कधीपर्यंत घेणार, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर कुणाला आधी घेणार, हे सगळं आधी सांगायचं. अर्ज कुणाचा आधी आला याला महत्त्व नाही. त्यामुळे मूल पाळण्यात असतानाच नाव नोंदवून ठेवणाऱ्या हुशार मंडळींचा डाव संपला. मग क्रम लागतो तो असा: आधी याच शाळेच्या नेहमीच्या वर्गात असलेली मुलं, मग शाळेत भावंडं असलेली, मग परिसरातली, आणि तरीही बरोबरी झाली तर चिठ्ठ्या. शाळागणिक हा क्रम थोडा बदलतो. जागा नाकारली तर शाळेच्या व्यवस्थापन मंडळाकडे फेरविचार मागायचा, पुढे कलम २९ खाली अपील. मात्र अपिलात पाहतात ते क्रम नीट लावला की नाही एवढंच. क्रम बरोबर असेल, तर न्याय झालेला असतो आणि मूल घरी असतं.

नातवाची थोरली बहीण घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत जाते. त्या शाळेत स्वमग्न मुलांचा वर्ग नाही. मुलगी-जावई मुख्याध्यापिकाबाईंना भेटायला गेले तेव्हा बाई अतिशय गोड बोलल्या. आमच्याकडे तसा अनुभव नाही, इमारत जुनी आहे, त्याला दुसरीकडे जास्त आनंद मिळेल. नाही हा शब्द कुठेच आला नाही. तिथले पालक अशा नकाराला मऊ नकार म्हणतात. कागदावर काही उरत नाही, त्यामुळे अपील करायला काही हाती लागत नाही. आमच्या शाखेतही एक साहेब होते, ते अर्ज कधीच फेटाळत नसत. चहा पाजून दुसऱ्या बँकेचा पत्ता देत. त्यांच्या नोंदवहीत नामंजूर अर्जांची संख्या शून्य असे.

बाईंची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. वर्ग उघडायचा म्हणजे खोली हवी, तिला बाहेर पडायचं वेगळं दार असलं तर बरं, शेजारी शांत बसायला छोटी खोली हवी. शिक्षिका हवी, आणि या कामाची सवय असलेली शिक्षिका सहजी मिळत नाही. तिथेही पुष्कळदा नव्याने नेमलेल्या तरुण मुलीला हा वर्ग देतात आणि थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर तिने पोहायला शिकावं अशी अपेक्षा ठेवतात. एखादा मुलगा घाबरून वर्गाबाहेर धावत सुटला, तर जाब मुख्याध्यापिकेला द्यावा लागतो. ज्या शाळेने वर्ग उघडला तिच्याकडे सगळा परिसर लोटतो आणि ज्या शाळेने उघडला नाही ती निवांत. असं असेल, तर पहिलं पाऊल कोण टाकणार?

आपल्याकडे १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतरच्या काळात मी बँकेत लागलो. लहान शेतकरी, कारागीर यांना कर्ज द्यायला कुठल्याही व्यवस्थापकाचा तात्त्विक विरोध नव्हता. प्रत्येकाला वाटे, द्यावं, पण शेजारच्या शाखेने. एकूण कर्जाच्या ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला गेलेच पाहिजेत, असं रिझर्व्ह बँकेने बजावलं तेव्हा हात सैल झाले. आयर्लंडने हेच केलं. २०१८ च्या कायद्यात कलम ३७अ घातलं: एखाद्या भागात जागा कमी आहेत असं विशेष शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने कळवलं, तर मंत्री शाळेला वर्ग उघडायला भाग पाडू शकतात. ते पहिल्यांदा उगारलं गेलं २०१९ मध्ये, आणि नेमकं डब्लिन १५ मध्येच. कालपर्यंत ज्या शाळांत खोली नव्हती, त्यांतल्या काहींत ती सापडली. पण ही पायऱ्यापायऱ्यांची प्रक्रिया फार लांबत होती. २०२२ च्या जूनमध्ये मंत्र्यांनी डब्लिनच्या चार शाळांची नावंच जाहीर केली. आमची बोलणी चालू असताना चव्हाट्यावर का आणलं, म्हणून शाळा संतापल्या. त्याच उन्हाळ्यात दुसरा कायदा करून ही मुदत कमी केली गेली. आज त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक खास वर्ग आहेत आणि त्यांतले बहुतेक स्वमग्न मुलांचे.

सक्तीने खोली उघडते. खोलीत काय चालतं ते सक्तीने ठरत नाही, हेही बँकेतच शिकलो. मार्च महिन्यात उद्दिष्ट गाठायला वाटलेली कर्जं मी पाहिली आहेत. वर्ग शाळेच्या आत असला म्हणजे मूल शाळेत आलं, असं होत नाही. २०१६ साली तिथे प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की खास वर्गातली बरीच मुलं दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ त्याच खोलीत, त्याच सोबत्यांबरोबर काढतात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात. कल्पना अशी होती की गाण्याला, खेळाला, मग हळूहळू गणिताला मूल आपल्या वयाच्या वर्गात जाईल आणि थकलं की आपल्या शांत खोलीत परत येईल. २०२४ च्या जानेवारीत त्याच राष्ट्रीय परिषदेने सरकारला सल्ला दिला की टप्प्याटप्प्याने सगळी मुलं एकत्र शिकतील अशा व्यवस्थेकडे चला. आणि तीच परिषद दरवर्षी शेकडो नवे खास वर्ग मंजूर करते आहे. यात मला ढोंग दिसत नाही. ज्या आईचं मूल येत्या सप्टेंबरात कुठे बसणार हे ठरलेलं नाही, तिला वीस वर्षांनंतरच्या व्यवस्थेची गोष्ट कोण ऐकवणार?

आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. ते आधी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि मग २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आलं. मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यावं, हेही त्यात आलं. म्हणजे कायद्याने आपल्याकडे प्रत्येक शाळेत प्रत्येक मुलाला खुर्ची आहे. फक्त त्या खुर्चीशेजारी कुणी नाही. शहरातल्या खासगी शाळा पुष्कळदा सांगतात, मुलाबरोबर बसायला माणूस तुम्ही आणा आणि पगार तुम्ही द्या. विशेष शिक्षकांची कायम पदं निर्माण करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राज्यांना बजावलं. तिथे खुर्च्या मोजलेल्या असल्यामुळे किती मुलं बाहेर राहिली ते निदान कळतं आणि मंत्र्याला त्यावरून धारेवर धरता येतं. आपल्याकडे मूल पटावर असतं, शेवटच्या बाकावर असतं, आणि कुठल्याच यादीत ते बाहेर राहिलेलं नसतं. मला विचाराल तर मोजलेली टंचाई बरी. तिच्याशी भांडता येतं.

एक गोष्ट राहिली. मुलाशी फक्त इंग्रजीच बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल, असा सल्ला मुलीला ओळखीच्या चारपाच जणांनी दिला होता. जाणकार आज असं सांगत नाहीत. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. खास वर्गातल्या मुलांना शाळेत आयरिश भाषा शिकण्यातून सूट मिळते, पण मराठीतून सूट आम्ही घेतली नाही. तो रागावला की इंग्रजीत रागावतो आणि भूक लागली की 'भात' म्हणतो. वर्गातल्या बाईंनी त्याच्या चित्रांच्या वेळापत्रकात जेवणाच्या चित्राखाली तो शब्द रोमन अक्षरांत लिहून ठेवला आहे. असल्या बाई प्रवेश धोरणात लिहून मिळत नाहीत.

नऊ अर्जांनंतर त्याला जागा मिळाली ती घरापासून चौदा किलोमीटरवर. नवा वर्ग होता, सहाही खुर्च्या मोकळ्या होत्या, म्हणून मिळाली. सकाळी सरकारची छोटी बस दाराशी येते. चालक आणि एक सोबतीण त्याला घेऊन जातात, त्याच वेळी बहीण दप्तर पाठीला लावून चालत पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत जाते. त्याच्या शाळेत आठवड्यातून दोनदा तो संगीताच्या तासाला पहिलीच्या मोठ्या वर्गात बसतो. कानावर आवाज अडवणारे हेडफोन लावून का होईना, पण बसतो. त्या वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या वाढदिवसांचा तक्ता आहे. त्यात याचं नाव नव्हतं. माझ्या मुलीने ते बोलून दाखवलं आणि पुढच्या आठवड्यात ते तिथे लागलं.

बहिणीच्या शाळेतही खास वर्ग काढावा, म्हणून आता बोलणी चालू आहेत. मुख्याध्यापिकाबाई अजूनही गोडच बोलतात. वर्ग झालाच, तर भावंड त्याच शाळेत असल्यामुळे आमच्या मुलाचा क्रम वरून दुसऱ्या गटात लागतो. मुलीने अहवालाची नवी प्रत काढून ठेवली आहे.