स्नायू आणि त्याची बंधने

मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस. सुश्रुतसंहितेत मात्र त्यास ‘पेशी’ म्हटले असून ‘स्नायू’ हा शब्द बांधून ठेवणाऱ्या तंतूंसाठी योजिला आहे. पेशी ५००, तर स्नायू ९००. हा अर्थबदल कोशकारांवर सोपवून आपण त्या बंधनांकडे वळू.

निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूभोवती संयोजी ऊतकाचे तलम वेष्टन असते. तंतूस अगदी लगटून लॅमिनिन व चौथ्या प्रकारचे कोलॅजेन, आणि त्याबाहेरच्या जाळीत मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन. तंतूचा ताण कंडरेपर्यंत पोहोचविण्यात या जाळीचा मोठा वाटा असतो. तंतूच्या आतील डिस्ट्रॉफिन हे प्रथिन पटलातील अन्य प्रथिनांच्या द्वारे बाहेरच्या लॅमिनिनशी सांधलेले असते.

फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६८ मध्ये सविस्तर वर्णिलेल्या बालरोगात हाच सांधा निखळलेला असतो; डिस्ट्रॉफिनचा अभाव हे त्याचे कारण १९८७ मध्ये उलगडले. आकुंचनाच्या ताणाने पटल फाटत जाते, तंतू मरतात. आरंभी नवे तंतू त्यांची जागा घेतात. पुढे ते सामर्थ्य सरते आणि तेथे कोलॅजेन व मेद साचतो. मुलाची पोटरी भरदार दिसते, पण जिना चढवत नाही. द्युशेन यांनी रोगास दोन नावे दिली होती: एक या खोट्या पुष्टीवरून, दुसरे स्नायूच्या काठिण्यावरून. दुसरे मागे पडले. मला तेच अधिक नेमके वाटते. डिस्ट्रॉफिनची उणीव अंशतः भरून काढणाऱ्या आजच्या उपचारांनाही एकदा साचलेले हे कोलॅजेन हटविता येत नाही, म्हणून ते तंतू शिल्लक असतानाच सुरू करावे लागतात.