मधल्या सुट्टीचे गणित

मधल्या सुट्टीची घंटा झाली की तुम्ही कोठे धावता? मैदानाकडे, की फाटकाबाहेरच्या दुकानाकडे? लहान वयात येणाऱ्या स्थूलतेचे एक मोठे कारण या साध्या प्रश्नात दडलेले आहे.

आपण एक हिशेब करू. गोड शीतपेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३३ ग्रॅम, सहा-सात चमचे! एक ग्रॅम साखर ४ किलोकॅलरी ऊर्जा देते. तेव्हा बाटलीमागे सुमारे १३० किलोकॅलरी झाल्या. पेयाने पोट भरल्यासारखे वाटत नाही, म्हणून जेवण फारसे कमी होत नाही. खर्च न झालेली ऊर्जा शरीर चरबीच्या रूपाने साठवते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे कागदावर दोन महिन्यांत एक किलो! प्रत्यक्षात वाढ याहून कमी होते, कारण शरीर जड झाले की त्याचा रोजचा खर्चही वाढतो. पण काटा सरकतो तो वरच.

मग सारा दोष मुलाच्या जिभेचा का? नाही. अनुवंशिकतेचा वाटा असतोच. शिवाय समोर सहज मिळते तेच आपण खातो. म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत अतिगोड, अतिखारट व तेलकट पदार्थांना बंदी केली. २०२० साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने असे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत मुलांना विकू नयेत, असा नियम केला.

परंतु एक्कावन्नाव्या मीटरवर हा नियम संपतो आणि घरात तर तो शिरतच नाही. तेथील नियम घरानेच करावयाचे: तहानेला पाणी, खाऊला फुटाणे किंवा फळ, जेवताना दूरचित्रवाणी व मोबाइल बंद. शाळेनेही खेळाचा तास गणिताला देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावयास हवी.

आणि एक गोष्ट. जाड मुलाला चिडवणे हा उपाय नव्हे. चिडवलेला मुलगा मैदानावर यायचाच बंद होतो!

आता एक प्रयोग करा. शिक्षकांना बरोबर घेऊन फाटकापासून ५० मीटर अंतर मोजा. त्या टापूत काय काय विकले जाते, ते वहीत लिहा. शेजारच्या पानावर घरातील खाऊच्या डब्यांची यादी करा. दोन्ही पाने एकत्र वाचा. बदल कोठून सुरू करावयाचा, ते तुम्हालाच दिसेल.