चायनीज खाताना उष्मांक कुठे वाढतात?

कर्जत-खोपोलीच्या चायनीज गाड्यांवर उष्मांक वाढतात ते मुख्यतः तेलामुळे. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी, म्हणजे मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२०. मंचुरियनचे गोळे आधी तेलात तळले जातात, मग कॉर्नफ्लोअरच्या दाट ग्रेव्हीत पडतात. ‘ड्राय’ मागवले तरी तळण टळत नाही. सर्वांत जड ट्रिपल राईस: भात, नूडल्स, वर तळलेल्या नूडल्स आणि ग्रेव्ही, सगळे एकाच प्लेटमध्ये. मंचाव सूपऐवजी क्लिअर सूप आणि तळलेल्या मोमोंऐवजी वाफवलेले मागवावेत. राईस दोघांत वाटून घ्यावा. ‘तेल कमी, भाज्या जास्त’ हे कढई तापण्याआधीच सांगावे. सोया सॉसमध्ये उष्मांक नगण्य, पण मीठ भरपूर. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी तो सॉस वरून घेऊ नये.