बिटांच्या ओळीला नाव देताना

आमच्या पांढुर्णा-सौसर पट्ट्यात एकाच लिपीत दोन भाषा वाचाव्या लागतात. ‘शिक्षा’ हा शब्द घरात कानावर पडला तर पोटात गोळा येतो. शाळेच्या हिंदी फलकावर तोच शब्द शिक्षणाचा असतो. अक्षरं तीच, पण कोणत्या भाषेत वाचायची हे आधी ठरल्याशिवाय अर्थ लागत नाही. डिबगरचा कोड पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला हेच आठवलं. मजकुरात ५५ हा हेक्झाडेसिमल बाइट म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षर. इंटेलच्या ३२ बिटी प्रोसेसरला तोच बाइट सांगतो, की ईबीपी रजिस्टर स्टॅकवर ठेव.

डिबगरला हे वाचायची गरज का पडते? प्रोग्राम मध्येच थांबला, की आपण विचारतो: कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं आणि इथवर कसे आलो? कंपायलरने सोबत माहिती ठेवली असेल तर उत्तर सोपं असतं. ती नसेल, तर डिबगर फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचना वाचतो आणि परतीचा पत्ता व जुने रजिस्टर कुठे ठेवले आहेत, हे त्यांवरून ताडतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी हा डिबगर लिहिला. पुढे प्रोसेसर वाढत गेले, तशी प्रत्येकाची वेगळी फाइल झाली आणि सूचना ओळखायचं काम त्या त्या फाइलमध्ये हातानेच लिहिलं गेलं. एआरएमच्या फाइलमध्ये ‘ई१ए०सी००डी’ या आकड्याशी थेट तुलना दिसते आणि शेजारी टिपण: ‘मूव्ह आयपी, एसपी’. लिहिणाऱ्याच्या समोर प्रोसेसरचं मॅन्युअल होतं, म्हणून त्याला ते पुरलं. दहा वर्षांनी वाचणाऱ्याला मात्र आकडा आणि टिपण यांचा मेळ बसतो का, हे मॅन्युअल शोधल्याशिवाय कळत नाही.

या कामात मराठी मुलखाचाही हात आहे. नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ प्रोसेसरसाठीची जीडीबीतली फाइल पुण्याच्या केपीआयटी कमिन्समधून आली. तिच्यावरचं कॉपीराइटचं वर्ष २०१२ पासून सुरू होतं आणि वरच्या टिपणात पुण्याचं नाव आहे. ते पाहून मला फार बरं वाटलं होतं.

२०१३ च्या ७.६ आवृत्तीत ६४ बिटी एआरएम आला. तिथे प्रत्येक सूचनेसाठी छोटं फंक्शन होतं: मास्क लावायचा, नमुन्याशी ताडून पाहायचं, मग बिट वेगळे काढायचे. एक सूचना जवळून पाहू: ‘ए९ एएफ ७बी एफडी’. बत्तीस बिटांतले वरचे दहा १०१०१००११०; त्यांवरून कळतं, की दोन रजिस्टर एकत्र साठवायचे आहेत आणि त्याआधी पत्त्याचा आधार असलेला रजिस्टर हलवायचा आहे. पुढचे सात १०११११०, म्हणजे चिन्हासह उणे ३४. आठने गुणलं की उणे २७२. उरलेल्या पंधरा बिटांत तीन रजिस्टर: ३०, ३१ आणि २९. इथला ३१ हा तो आधार, म्हणजे स्टॅकचा निर्देशक. परतीचा पत्ता ३० मध्ये असतो. तो स्टॅकवर कुठे ठेवला, हे इथे सापडलं.

हेच ज्ञान त्याच भांडारात, ऑपकोड्स नावाच्या लायब्ररीत, आधीपासून होतं. ऑब्जडंप हे साधन तिच्याच आधारे सूचना छापतं. एकच विद्या दोन वह्यांत लिहिली, की एका वहीतली दुरुस्ती दुसरीत राहून जाते. २०१५ मध्ये जीडीबीच्या कार्यकर्त्यांनी ६४ बिटी एआरएममधला फंक्शनची सुरुवात वाचणारा भाग त्या लायब्ररीच्या डीकोडरवर नेला. मास्क आणि नमुने गेले. ‘ही सूचना बेरीज-वजाबाकीच्या वर्गातली आहे का?’ अशी नावानिशी विचारणा आली. सगळंच एकत्र केलं नाही. उडी मारणाऱ्या सूचना दुसऱ्या जागी हलवून चालवाव्या लागतात, म्हणून त्यांचे छोटे डीकोडर वेगळे राहिले. ते योग्यच झालं. गरज वेगळी असेल तिथे ओढूनताणून एकी करू नये.

वाचायला सोपा झालेला कोड बरोबरच असेल, असं नाही. म्हणून मला २०१६ च्या अखेरची भर सर्वांत मोलाची वाटते. या भागासाठी युनिट टेस्ट लिहिली गेली आणि तिची पहिली सूचना वर उलगडलेलीच आहे. तिच्यानंतर ‘९१ ०० ०३ एफडी’, म्हणजे स्टॅकचा निर्देशक एक्स२९ मध्ये, अर्थात २९ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये. फ्रेमचा आकार २७२ निघतो का, आधार एक्स२९ धरला जातो का, हे टेस्ट तपासते. खरा प्रोसेसर हाताशी नसतानाही ती चालते. त्यामुळे साध्या लॅपटॉपवर बसलेल्या सौसरच्या मुलीलाही हा कोड निर्धास्त बदलून पाहता येतो.

तीस वर्षांच्या या वाटचालीतून मी एवढंच घेतलं: आकड्याला नाव द्यावं, ते नाव एकाच ठिकाणी ठेवावं आणि ते खरं आहे याचा पुरावा शेजारी ठेवावा. नवा वाचणारा तेवढ्या आधारावर पहिली दुरुस्ती करू शकतो.