दाढ ठणकते ती कुणाच्या तालावर?

‘दाढ दुखतीय’ आणि ‘दाढ ठणकायलीय’ यांत कोल्हापूरकराच्या लेखी मोठं अंतर आहे. दुखणं अंगावर काढता येतं. ठणका लागला की रात्रीची झोप गेलीच. गळू मात्र ठणकण्याआधी ठसठसतं, आणि घाबरल्यावर छाती धडधडते. आत ठोके पडू लागले की प्रत्येक जागेला मराठीत वेगळं क्रियापद, आणि तेही आवाजावरून घडलेलं. आता आश्चर्य बघा: ठसठसणाऱ्या गळवाला कान लावला, तर काहीच ऐकू येत नाही. जिथं आवाजच नाही, तिथं भाषेनं तो ऐकला आहे!

हे आपल्यापुरतंच नाही. फिनिश ही उरालिक कुळातली भाषा, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही. तिच्यात ‘युस्क्युत्तॅ’ नावाचं क्रियापद आहे. इंजिन, छाती आणि डोकं, तिन्ही त्याच एका क्रियापदानं ठोके देतात. इंग्रजीत त्याचा अर्थ सांगताना कधी ‘थड’, कधी ‘पाउंड’, कधी ‘थ्रॉब’ घ्यावा लागतो. आपलं ‘धडधडणं’ तरी कुठं एका जागी बसतं? रेल्वे धडधडत जाते, ऊर धडधडतो आणि चिताही धडधडून पेटते.

असे नादशब्द मराठीत इतके का? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, की अशा शब्दांची रेलचेल हे भारतीय भाषांचं सामाईक लेणं आहे; आर्य आणि द्राविड कुळांची सीमा ते मानत नाही. मराठी आणि कानडी रोज कानावर पडणाऱ्या कोल्हापूरच्या सीमाभागात हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

वैद्यकशास्त्रानंही या शब्दांची दखल घेतली आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची विशेषणं गटागटानं मांडली आहेत, आणि पहिलाच गट तालाचा आहे: लुकलुकणारी, थरथरणारी इथपासून ठणकणारी, घण घातल्यासारखी इथपर्यंत. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ‘ठोके पडल्यासारखं दुखणं’ ही अर्धशिशीची एक खूण मानली आहे.

पण हे ठोके कुणाचे? नाडीचेच, असं आपण धरून चालतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दातदुखीच्या २९ रुग्णांना प्रत्येक ठणक्याची नोंद करायला लावली आणि त्याच वेळी त्यांची नाडीही टिपली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी ७३, ठणके फक्त ४४. दोघांचा ताल जुळतच नव्हता. म्हणजे ठणका रक्तवाहिनीची थाप नव्हे. त्याचा उगम मेंदूत शोधायला हवा, असा या संशोधकांचा रोख आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात नुसतं ‘दुखतंय’ म्हणून थांबू नका. ठणकतंय, ठसठसतंय, की नुसतीच कळ येतेय, ते नेमकं सांगा. डॉक्टरांना तेवढ्यावरून निदान करता येणार नाही, पण तपास कुठून सुरू करायचा हे नक्की कळेल.