पिंपल्स, हळद आणि ती छोटीशी बाटली

जिथं हळदीची पोती ट्रक भरभरून येतात, तिथल्या मुलींना पिंपल्स येतच नसतील, असं वाटतंय? मग एकदा हिंगोलीला जाऊन या. पिंपल्स तिथंही येतात आणि तिथली मुलंमुलीही तुमच्या-माझ्यासारखीच आरशासमोर वैतागतात. फरक पडलाय तो इतकाच, की घरातल्या हळदीच्या डब्याशेजारी आता एक छोटीशी गडद बाटली आलीय. इसेन्शियल ऑइलची!

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जखमेवर हळद लावायचं आपल्या आज्यांचं ज्ञान तर थेट अमेरिकेत गाजलं. १९९५ मध्ये तिथं त्यावर पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. पण लक्षात घ्या, तो सगळा वाद जखमेचा होता, पिंपल्सचा नव्हे!

दुसरी गंमत बाटलीत आहे. हळदीचं इसेन्शियल ऑइल वाफेवर काढतात. हळदीला पिवळा रंग देणारं करक्युमिन वाफेबरोबर उडत नाही, ते चोथ्यातच राहतं. तेलात येतात ती टर्मेरोनसारखी सुगंधी द्रव्यं. म्हणजे हे तेल म्हणजे आजीच्या लेपाचा स्ट्राँग डोस, असं समजून चेहऱ्याला फासू नका. आणि लेपच लावायचा असेल तर हळद खात्रीची घ्या. रंग खुलवायला तिच्यात शिशाचं क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात.

मग पिंपल्सवर कुठलंच तेल चालत नाही का? टी ट्री ऑइलची त्यातल्या त्यात नीट तपासणी झालीय. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना होती. पिंपल्स दोन्हींनी कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. इथं महत्त्वाचा शब्द आहे ‘५ टक्के’. बाटलीतलं तेल असतं शंभर टक्के!

करून बघायचंच असेल तर...

* तयार ५ टक्के जेल सगळ्यात सोपं. घरी करायचं तर टी ट्रीचा १ थेंब आणि जोजोबा तेलाचे १९ थेंब. खोबरेल नको, त्यानं छिद्रं बुजू शकतात.
* आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. लाली, खाज आली तर नाद सोडा.
* डोळे, ओठ टाळा. पोटात तर अजिबात घेऊ नका, ते विषारी आहे.
* जुनं, उघडं राहिलेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं. फेकून द्या.
* लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलात, तर त्वचा भाजू शकते.

येत्या शनिवारी मैत्रिणीचं लग्न आहे म्हणून शुक्रवारी रात्री हे प्रयोग करू नका, प्लीज. पिंपल्सच्या कुठल्याही उपायाला आठवडे लागतात.

आणि एक गोष्ट मला अगदी कळकळीनं सांगायचीय. पिंपल येतो आणि जातो, खड्डा मात्र राहतो. गाठी मोठ्या, दुखऱ्या असतील, डाग मागे राहत असतील, पाळी अनियमित असेल किंवा दोन-तीन महिन्यांत फरक पडला नसेल, तर तेलावर आणखी पैसे घालवू नका. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन अशी तपासलेली औषधं आहेत, ती महागड्या बाटलीपेक्षा स्वस्तही पडू शकतात. फक्त गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण पिंपल्सवरची काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

हळद भाजीत आणि दुधात मस्तच लागते. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र ‘घरगुती आहे, काय होतंय?’ हा प्रश्न बाटली उघडण्याआधी विचारा, लावून झाल्यावर नको!