पंगतीतला पथ्याचा पाहुणा

माझ्या रेडिओ-हेलिकॉप्टरचा टेल सर्वो जळला, तेव्हा हेलिकॉप्टर घरच्या टेबलावर होतं. पातीही फिरत नव्हती. पुढचे तीन सर्वो नवे, जास्त व्होल्टेज पेलणारे. म्हणून चार सेलची जुनी निकॅड काढली आणि दोन सेलची लिपो जोडली. तिघेही झपाझप हलले. मी खूश होतोय तोच मागून करपल्याचा वास आला. बॅटरी उत्तम, सर्वोही उत्तम. सोयरीक तेवढी चुकली होती.

सर्वोच्या डबीत छोटी मोटर, गिअर, दांडा कुठवर वळला ते सांगणारा पोटेन्शिओमीटर आणि हिशेब ठेवणारं सर्किट असतं. तीन सर्वो स्वॉशप्लेट हलवून मुख्य पात्यांचा कोन बदलतात, चौथा शेपटीकडच्या पात्यांचा. प्रत्येकाला तारा तीन: एक संदेशाची, दोन विजेच्या. रिसीव्हर संदेश ज्याचा त्याला देतो. व्होल्टेज मात्र आलं तसं सगळ्यांना वाढतो. पंगत एक, वाढप एक. कुणाला पथ्य आहे, हे वाढप्याला ठाऊक नसतं.

निकॅडच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे. सेल १.२ व्होल्टचा, चार जोडले की ४.८, पाच जोडले की ६. सर्वोही त्याच मापाचे. मग लिपो आली: सेलमागे ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. म्हणजे दोन सेलच्या पॅकवर ७.४ छापलेलं असलं, तरी चार्जरवरून काढताक्षणी ते ८.४ देतं. ४.८च्या सर्वोला हे पावणेदोनपट झालं. आणि अडलेल्या मोटरमधली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. म्हणजे तिपटीहून जास्त!

पथ्य बहुधा टेल सर्वोलाच असतं. शेपूट जागेवर ठेवण्यासाठी जायरो त्याला सेकंदाला तीनशेच्या आसपास हुकूम सोडू शकतो. त्याला विसावा असा नाहीच. एकेकाळी घरोघरी दिसणारा फुटाबाचा एस ९२५४ हा ४.८ व्होल्टचाच. त्यामुळे बाकीच्यांना ६ व्होल्ट देणारे लोक जायरो आणि टेल सर्वो यांच्या मध्ये ५.१ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर बसवत. वाढप तेच, या एका पानावर मात्र बेताचं. आज चारही सर्वो ८.४ व्होल्ट पेलणारे घेतले, तर हा खटाटोप वाचतो. पण जायरो आणि रिसीव्हरचीही मर्यादा वाचायला हवी; तेही त्याच पंगतीला बसलेले असतात.

नवशिका अँपिअरलाही उगाच घाबरतो. ‘१० अँपिअरचा सप्लाय लावला तर सर्वो जळेल का?’ नाही. व्होल्टेज सप्लाय लादतो, करंट सर्वो आपल्या भुकेप्रमाणे ओढतो. सप्लायची क्षमता जास्त असणं चांगलंच. कमी पडली तर संकट. चारही सर्वो एकदम जोरात वळले की व्होल्टेज क्षणभर बसतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर कुणाचंच नसतं. जमिनीवर तपासलं तर दोष सापडत नाही.

विजेवरच्या हेलिकॉप्टरमध्ये मोटरच्याच बॅटरीतून सर्वोंना वीज देणारं सर्किट असतं, बीईसी. जुन्या लीनियर पद्धतीचं बीईसी जादा व्होल्टेज नुसतं जाळतं. तीन सेलच्या लिपोचे १२.६ व्होल्ट ५ वर आणून २ अँपिअर दिले, तर सर्वोंना मिळतात १० वॅट आणि उष्णतेत जातात १५. छोट्या सोल्डरिंग आयर्नला पुरतील एवढे. मोठ्या बॅटरीवर म्हणूनच स्विचिंग बीईसी वापरतात.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी प्रत्येक सर्वोची कमाल मर्यादा कागदावर उतरवतो. मग भरलेल्या बॅटरीला मीटर लावतो. पॅकवरच्या छापील आकड्यावर भिस्त ठेवत नाही. मीटरचा आकडा कागदावरच्या सगळ्यात लहान आकड्याहून मोठा निघाला, की तार हातातच राहते. जळलेला तो सर्वो टेबलाच्या खणात आहे. पान मांडण्याआधी पथ्य विचारायचं, हे मला त्याने शिकवलं.